मागच्या सीटवरून दिसलेली टॅक्सी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

आज मी एका गाडीबद्दल बोलणार आहे. गाडी साधी आहे, जुनी आहे, आणि आता रस्त्यावर नाही. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी. पण खरं म्हणजे विषय गाडीचा नाही, आपण त्या गाडीबद्दल जे लिहिलं, जे सिनेमे काढले, जी चित्रं काढली, त्यांचा आहे. मी समीक्षा करतो, मेकॅनिक नाही. त्यामुळे इंजिनाबद्दल काही चुकलं तर तुमच्यातले जाणकार मला दुरुस्त करतीलच.

सुरुवात माझ्याच एका लेखापासून करतो, कारण आज ज्या चुकीबद्दल बोलणार आहे ती आधी मी केलेली आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बातम्या आल्या की पद्मिनी टॅक्सी आता संपली. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही पद्मिनी टॅक्सी म्हणून चालवता येणार नव्हती. सगळीकडे निरोपाचे लेख आले. मलाही एकानं विचारलं, मीही लिहिला. बऱ्यापैकी आवडला लोकांना. त्यात पाऊस होता, मरीन ड्राइव्ह होता, काचेवरून ओघळणारं पाणी होतं, मीटरची टिकटिक होती, सीटवरचं रेक्झिन उन्हात तापायचं ते होतं.

तो लेख मी आप्पांना वाचायला दिला. आप्पा म्हणजे माझे वडील. ते लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, वर्षभर वाट बघितली, मग गावच्याच एका माणसाकडून गाडी शिकले, बॅज काढला, आणि पुढची पंचवीस वर्षं टॅक्सी चालवली. स्वतःची नाही. मालकाची. दिवसपाळी किंवा रातपाळी, ठरलेली रक्कम मालकाच्या हातात, गॅस-पेट्रोल आपलं, वर उरेल ते घरी.

आप्पांनी चष्मा लावून लेख पूर्ण वाचला. मी विचारलं, "कसा वाटला?" म्हणाले, "बरा आहे. पण ह्याच्यात क्लच कुठाय?"

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे क्लच. पंचवीस वर्षं डाव्या पायानं दाबला मी. तुझ्या लेखात गाडी आपोआप चालते."

एवढंच बोलले आणि टीव्ही लावला. मला राग आला थोडा, खोटं कशाला बोलू. पण रात्री लेख परत काढून बघितला. अख्ख्या लेखात एकदाही कुणी गाडी चालवत नव्हतं. हजार-बाराशे शब्दांत चालकाचं फक्त मानेचं मागचं टोक आलं होतं. कारण मी ती गाडी मागच्या सीटवरून लिहिली होती. मी! ज्याच्या घरात त्या गाडीच्या पुढच्या सीटच्या पैशातून फी भरली गेली.

तेव्हापासून टॅक्सीवरची कुठलीही कलाकृती समोर आली की मी हा एक प्रश्न विचारतो. ह्याच्यात क्लच कुठाय? आजचं व्याख्यान म्हणजे हा प्रश्न घेऊन मारलेली एक फेरी आहे.

आधी गाडीची थोडी माहिती, कारण तुमच्यातल्या तरुण मंडळींनी ती फक्त फोटोत बघितली असेल.

प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली कंपनी. कारखाना कुर्ल्याला. इटलीच्या फियाटशी करार करून त्या गाड्या इथे बनायच्या. पन्नाशीतली गोलमटोल फियाट, तिला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणायचे, ती काहींनी बघितली असेल. मग १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, चौकोनी अंगाची. टॅक्सी म्हणून या गाडीचा प्रवास तिथून सुरू झाला असं मानतात. सत्तरच्या दशकात तिचं नाव बदलून पद्मिनी झालं. पण चालकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च होती. आप्पा आजही पद्मिनी म्हणत नाहीत. उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. युनियनच्या आकड्याप्रमाणे नव्वदच्या दशकात मुंबईत सगळ्या मिळून ६३,००० च्या आसपास काळ्या-पिवळ्या होत्या, आणि त्यांत बहुतेक याच.

इंजिन १०८९ सीसीचं. गिअर खाली नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला. त्यामुळे पुढे सलग बाकासारखी सीट. पुढच्या दाराला एक तिकोनी काच, ती फिरवली की वारा बरोबर चालकाच्या अंगावर येतो. मीटर बाहेर, डाव्या बाजूला. भाडं बसलं की चालकानं अंग झोकून डाव्या खिडकीतून हात काढायचा आणि मीटर पाडायचा. दिवसात पंधरा-वीस वेळा. नंतर न्यायालयाच्या आदेशांमुळे, २००१ च्या सुमाराला, जुन्या टॅक्सींना सीएनजी लावायला लागला. टाकी गेली डिकीत, म्हणून सामान गेलं टपावरच्या कॅरिअरवर. म्हणजे ज्या कॅरिअरचे आपण इतके सुंदर फोटो काढले, त्यावर बॅगा चढवायचं आणि उतरवायचं काम कुणाचं होतं? चालकाचं.

आता या गाडीत दोन जागा आहेत हे लक्षात घेऊ. एक मागची. तिथून शहर दिसतं. खिडकीबाहेर जातं, सिनेमासारखं. मागे बसलेल्या माणसाचे हात मोकळे असतात, म्हणून त्याला आठवणी जमतात. दुसरी जागा पुढची, उजवीकडची. तिथून रस्ता दिसतो. समोरच्या बसचा मागचा दिवा दिसतो. खड्डा दिसतो. एकच गाडी, एकच वेळ, पण दोन वेगळे प्रवास. एक उदाहरण सांगतो. पेडर रोड. मागे बसलेल्याला तिथे जुनी श्रीमंत घरं आठवतात, पुढे हाजी अलीला येणारा वारा आठवतो. आप्पांना विचारा, त्यांना चढ आठवतो. संध्याकाळी सहा वाजता त्या चढावर गाड्या अडकलेल्या, पुढची चार फूट सरकते, थांबते, परत चार फूट. हॅण्डब्रेकचा भरवसा नाही. अर्धा क्लच धरून गाडी तोलत उभं राहायचं. मागे सरकली तर मागच्याचा बंपर, क्लच जास्त धरला तर प्लेट जळते, आणि प्लेट जळली तर मालक कुणाला बोलणार? पायाखालून इंजिनाची धग. हे सगळं चालू असताना मागून कुणीतरी म्हणतं, "काय सुंदर हवा आहे नाही आज."

तो जो कुणी होता, त्याचं काही चुकलेलं नाही. हवा सुंदरच होती. माझं म्हणणं इतकंच की आपल्या कलेत हवेची नोंद झाली आणि अर्ध्या क्लचची झाली नाही.

मग सिनेमाकडे जाऊ. तीन सिनेमे घेतो.

पहिला 'टॅक्सी ड्रायव्हर', १९५४. नवकेतनचा, चेतन आनंदांनी दिग्दर्शित केलेला. देव आनंद टॅक्सी चालवतो. पद्मिनीच्या आधीचा काळ. मुंबईच्या रस्त्यांवर खूप चित्रीकरण केलेलं आहे, आणि तो आनंद पडद्यावर दिसतो. इथे नायक पुढच्या सीटवर आहे हे खरं. पण टॅक्सी त्याचं काम आहे का? ती त्याचं स्वातंत्र्य आहे. त्याला संकटातल्या मुलीला वाचवता यावं, रात्री क्लबमध्ये जाता यावं, मित्रांत राजासारखं बसता यावं, यासाठी ती आहे. देव आनंदच्या मानेवर घाम नसतो. मी हे हिणवून म्हणत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या त्या सात-आठ वर्षांत एका टॅक्सीवाल्याला रुबाबदार नायक करणं ही चांगलीच गोष्ट होती. पण क्लच? नाही सापडला.

दुसरा, 'गमन'. १९७८. मुझफ्फर अलींचा पहिला चित्रपट. फारूक शेख, स्मिता पाटील, जलाल आगा. उत्तर प्रदेशातल्या खेड्यातून गुलाम हसन मुंबईला येतो. गावात बायको आहे, आजारी आई आहे. आधी गाड्या धुतो, मग चालवायला शिकतो, टॅक्सीवर लागतो. जयदेवांच्या संगीताला त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुरेश वाडकरांच्या आवाजातलं ते प्रसिद्ध गाणं सुरू असतं तेव्हा फारूक शेख टॅक्सी चालवत असतो. गाणं आपण सगळ्यांनी हजारदा ऐकलंय. पण पुढच्या वेळी गाणं न ऐकता फक्त त्याचा चेहरा बघा. तो बाहेरचं शहर 'बघत' नाही. तो चालवतो आहे. रस्त्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा चेहरा भावनेनं भरलेला नसतो, तो थोडा रिकामा असतो. फारूक शेखनं तो रिकामेपणा धरलाय. मला हे त्या चित्रपटातलं सगळ्यात मोठं काम वाटतं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे हिशोब. शेवटी तो स्टेशनवर उभा राहतो. गावाला जाणारी गाडी समोर आहे. तो चढत नाही. कारण तिकिटाला पैसे घातले की घरी न्यायला उरतं काय? आप्पांनी हा पिक्चर टीव्हीवर पाहिला होता. मी विचारलं कसा आहे. ते म्हणाले, "हिशोब बरोबर आहे." त्यांच्या तोंडून इतकं कौतुक मी फारसं कुठल्या सिनेमाचं ऐकलेलं नाही. आपण समीक्षक 'गमन'बद्दल विस्थापन म्हणतो, विरह म्हणतो. ते आहेच. पण त्या विरहाच्या मुळाशी एक साधी वजाबाकी आहे आणि दिग्दर्शकाला ती कळलेली आहे. इथे क्लच आहे.

तिसरा, 'टॅक्सी नंबर ९ २ ११'. २००६. मिलन लुथ्रियांचा. नाना पाटेकर टॅक्सी चालवतो, जॉन अब्राहम श्रीमंत प्रवासी. गंमत बघा, सगळी गोष्ट सुरू कशावरून होते? प्रवाशाची एक किल्ली टॅक्सीत राहते. म्हणजे मागच्या सीटवर काय विसरलं गेलं, त्यावर चित्रपट उभा. चालकाचं आयुष्य त्यामुळे आपल्याला दिसतं, नाहीतर दिसलं नसतं. पण त्यात एक धागा फार मोलाचा आहे, आणि चित्रपटानं तो घाईत सोडून दिला. नानानं घरी सांगितलंय की तो इन्शुरन्सचं काम करतो. आपण टॅक्सी चालवतो हे त्यानं बायकोपासून लपवलंय. चित्रपट हे विनोदासाठी आणि नंतर भांडणासाठी वापरतो. मी थिएटरमध्ये बसलो होतो आणि मला हसू आलं नाही. कारण शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी तीन वर्षं 'नोकरी' असं लिहीत होतो. आप्पांना ते माहीत होतं. सही त्यांचीच असायची त्या फॉर्मवर. कधी काही बोलले नाहीत.

(थोडं थांबून) असो. पुढे जाऊ.

सिनेमानंतर डिझाइन. २०१५ मध्ये मुंबईत 'टॅक्सी फॅब्रिक' नावाचा प्रकल्प सुरू झाला. संकेत अवलानी या डिझायनरनं काही जणांसोबत सुरू केलेला. कल्पना छान होती. तरुण डिझायनरांनी टॅक्सीच्या आतल्या बाजूसाठी कापड डिझाइन करायचं. सीटा, छत, दारांच्या आतल्या बाजू. मुंबईच्या गोष्टी चितारलेल्या. जगभर त्याची चर्चा झाली. कोल्डप्लेच्या २०१६ च्या एका व्हिडिओत अशी सजवलेली टॅक्सी आहे. मी स्वतः एकदा अशा टॅक्सीत बसलोय आणि मला मजा आली. डिझाइन शिकणाऱ्या मुलांना काम दाखवायला भिंत हवी असते, ती त्यांना टॅक्सीत मिळाली. आणि टॅक्सीचं छत हे आपल्याकडे कुणी 'जागा' म्हणून बघितलेलंच नव्हतं, तिथे त्यांनी बघायला लावलं. ही सगळी जमेची बाजू.

पण प्रश्न विचारायलाच पाहिजे. छत कुणाला दिसतं? मान मागे टाकून आरामात बसलेल्याला. चालकानं छत बघितलं तर अपघात होईल. सजावटीवर डिझायनरचं नाव आणि कल्पना सांगणारी पट्टी असायची. योग्यच आहे, कलाकाराचं नाव असलंच पाहिजे. पण त्याआधी पन्नास वर्षं त्याच गाडीत चालकांनी स्वतः केलेली सजावट होती. डॅशबोर्डवरचा गणपती किंवा ७८६, स्टिअरिंगला गुंडाळलेली रंगीत रबरी नळी, आरशाला लावलेली चवरी, मुलाचा पासपोर्ट साइज फोटो. त्याला आपण कधी डिझाइन म्हटलं नाही, त्याखाली पट्टी लावली नाही. बरं, त्यातली अर्धी सजावट उपयोगाची होती. स्टिअरिंगवरची नळी कशासाठी? घामानं हात निसटू नये म्हणून. ती डिझाइनच्या पुस्तकात जायला हवी होती, असं माझं मत आहे.

आता निरोपाकडे येतो. २०२३ चे निरोपाचे लेख मी नंतर जमतील तितके जमवून वाचले. माझ्या लेखासकट. बहुतेकांत तीन गोष्टी येतात. पाऊस, प्रेम, आणि सिनेमातली गाणी. टॅक्सी युनियननं मागणी केली होती की एक तरी पद्मिनी संग्रहालयात जतन करावी. मागणी योग्य आहे. माझा तिला पाठिंबा आहे. पण ती गाडी संग्रहालयात कशी ठेवतील याची मला काळजी वाटते. चकचकीत पॉलिश, खाली फिरता चबुतरा, वरून पिवळा दिवा. लोक मागच्या सीटवर बसून सेल्फी काढतील.

मी असं सुचवतो. गाडी ठेवा, पण लोकांना पुढे बसवा. क्लच दाबायला लावा. शंभर वेळा. तिथे एक पाटी लावा की एका पाळीत हा किती वेळा दाबला जातो, मोजून लिहा. बाजूला एका पाळीचा हिशोब लावा. मालकाला किती, गॅसला किती, पंक्चरला किती, पोलिसाच्या पावतीला किती, घरी किती. आणि गाडीचं बॉनेट उघडं ठेवा. कारण ही गाडी उघडून बघता यायची. फॅनबेल्ट तुटला, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला, पॉइंट घासले, तर चालक स्वतः किंवा पुलाखालचा मिस्त्री तासाभरात गाडी परत धंद्याला लावायचा. गाडी उभी राहिली की कमाई उभी राहते. म्हणून दुरुस्त होणं हा तिचा सगळ्यात मोठा गुण होता. तो गुण मागच्या सीटवरून दिसत नाही. मागे बसलेला दुसरी टॅक्सी पकडतो.

साहित्यात काय आहे? गिरण्या बंद पडल्या त्यावर मराठीत महत्त्वाचं लेखन आहे. जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक तुम्ही पाहिलं किंवा वाचलं असेल. संपानंतर घर कसं विस्कटतं ते त्यात आहे. पण त्याच पिढीतली जी माणसं विस्कटली नाहीत, ज्यांनी खाकी शर्ट घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी काढली, त्यांच्याबद्दल माझ्या वाचनात फार थोडं आलं. कोसळणं आपल्याला दिसतं. रोज उठून क्लच दाबणं दिसत नाही, कारण त्यात नाट्य नाही. इंग्रजीत तारिणी बेदींचं 'मुंबई टॅक्सीमेन' हे पुस्तक २०२२ मध्ये आलं. त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. पिढ्यान्‌पिढ्या टॅक्सी चालवणाऱ्या चिलिया मुस्लिम कुटुंबांबरोबर राहून, फिरून त्यांनी लिहिलंय. त्यात गाडी म्हणजे नातेवाईक, गल्ली, कर्ज, शरीर या सगळ्यांतून जाणारी वस्तू आहे. मराठीत असं पुस्तक का नाही, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो. घरात माणूस होता. कधी वहीपेन घेऊन बसलो नाही.

हे फक्त मुंबईचं आणि फक्त टॅक्सीचं नाही. तुम्ही पुण्याचे असाल, साताऱ्याचे असाल, तर दुचाकी घ्या. स्कूटर बघा. १९८९ च्या 'हमारा बजाज' मोहिमेनंतर चेतक ही घराची गाडी झाली, देशाची गाडी झाली, आठवणींची गाडी झाली. बाबा चालवतायत, पुढे मी उभा, मागे आई. सुंदर आठवण. पण त्याच कंपनीची एम-एटी, जिला गावाकडे सगळे 'एमेटी' म्हणायचे, ती दोन्ही बाजूंना दुधाची कॅन लावून पहाटे चार वाजता निघायची. तिच्यावर कुणाचं गाणं मला आठवत नाही. चेतक २०२० मध्ये बॅटरीवर परत आली. लूना २०२४ मध्ये परत आली. नावं परत येतात कारण आठवण विकता येते. पण आठवण कुणाची, मागे बसलेल्याची की कॅन वाहणाऱ्याची, हे दर वेळी तपासायला हवं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. कलेत कोण कुठे बसलंय याची चिकित्सा करून कुणाचं पोट भरतं? मला वाटतं फरक पडतो, आणि तो गाडी जाते तेव्हा पडतो. आपण जेव्हा म्हणतो की जुनी गाडी गेली, फार वाईट झालं, तेव्हा सरकार काय ऐकतं? की लोकांना गाडीचं दुःख आहे. मग संग्रहालय, टपाल तिकीट, भित्तिचित्र. स्वस्तात काम होतं. पण ज्याच्या गाडीचं वय संपलं त्याला नवी गाडी घ्यायला कर्ज कुठून, हप्ता किती, तोवर रोजचं काय, स्टँडवरची जागा राहणार का, हे प्रश्न निरोपाच्या लेखात आले नाहीत म्हणून चर्चेतही आले नाहीत. आपल्या हळहळीनं त्यांची जागा घेतली.

आणि मला उलट बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर मीही आप्पांना एक वेगळ्या प्रकारची शोभेची वस्तू करीन. फियाट गेली तेव्हा आप्पांना वाईट वाटलं का? नाही. मी विचारलं होतं. म्हणाले, "बरं झालं. पोरांचे गुडघे वाचतील." त्यांचा डावा गुडघा तुम्ही बघाल तर हे वाक्य तुम्हाला कळेल. म्हणजे जी गाडी गेल्यावर मी रडवेला लेख लिहिला, ती गाडी गेल्याचं ज्यानं ती चालवली त्याला समाधान होतं. पण थोड्या वेळानं तेच म्हणाले, "आवाज कळायचा तिचा." म्हणजे कुठे काय बिघडलंय ते आवाजावरून समजायचं. त्यांना वाईट वाटलं असेल तर ते त्या ज्ञानाचं. पंचवीस वर्षांत कमावलेलं ज्ञान, जे दुसऱ्या कुठल्याच गाडीला लागू होत नाही. हे गिरणीत एकदा झालं होतं, मागाचा आवाज ओळखता येत होता, मग माग बंद. टॅक्सीत दुसऱ्यांदा झालं. या दुःखाला पाऊस लागत नाही, गाणं लागत नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मागच्या महिन्यात त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. टॅक्सी केली, वॅगनआर. मी सवयीनं त्यांच्यासाठी मागचं दार उघडलं. ते पुढे जाऊन चालकाच्या शेजारी बसले. गुडघा दुखत असताना. दादरपासून परळपर्यंत चालकाशी बोलत होते. गाडी स्वतःची का, हप्ता किती, दिवसाला गॅस किती जातो, रात्री कोण चालवतं. तो पोरगा बिहारचा होता, आधी तुटक उत्तरं देत होता, मग आपणहून बोलायला लागला. मी मागे बसून ऐकत होतो. एवढ्या वर्षांत मी टॅक्सीवाल्याला यातला एकही प्रश्न विचारलेला नव्हता. समीक्षेचं काम मला साधारण असंच वाटतं. कलाकृतीत बसल्यावर एकदा तरी पुढे जाऊन शेजारी बसायचं आणि विचारायचं, हे चालवतं कोण.



प्रश्नोत्तरांमधून

प्रश्न: सर, मग आम्ही आमच्या आठवणी लिहायच्याच नाहीत का? माझे आजोबा आम्हाला टॅक्सीनं राणीच्या बागेत न्यायचे. ती माझी खरी आठवण आहे. ती खोटी आहे का?

उत्तर: अजिबात नाही. कृपा करून लिहा. मागची सीटही गाडीतच असते. माझा आक्षेप एवढाच आहे की तिला अख्खी गाडी समजू नका. तुमच्या आजोबांनी त्या दिवशी उतरताना किती पैसे दिले, चालकानं सुट्टे परत देताना काय म्हटलं, तुम्ही आत असताना तो बाहेर थांबला का, असलं काही आठवत असेल तर तेही लिहा. तुमची आठवण त्यानं कमी होणार नाही.

प्रश्न: पण जुन्या गाड्या धूर सोडतात. वीस वर्षांची मर्यादा योग्यच नाही का? दिल्लीत तर डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली होती.

उत्तर: धुराचा पहिला बळी चालकच असतो, तो दिवसभर त्यातच बसलेला असतो. त्यामुळे धूर सोडणारी गाडी चालू ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. माझा मुद्दा मोजमापाचा आहे. वय मोजणं सोपं, कागदावर दिसतं. प्रकृती मोजणं कठीण, गाडी उघडावी लागते. २०२१ च्या स्क्रॅपेज धोरणात फिटनेस चाचणीवर भर दिलाय, ती दिशा मला बरी वाटते, अर्थात चाचणी प्रामाणिक असेल तर. नीट राखलेली अठरा वर्षांची गाडी आणि पिळून काढलेली आठ वर्षांची गाडी यांतला फरक कुठल्याही चालकाला विचारा, तो आवाजावरून सांगेल. धोरण ठरवताना अशी दोन-चार माणसं खोलीत असावीत. आणि गाडी काढून घ्यायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस काय चालवणार आहे, हे त्याच आदेशात लिहिलेलं असावं.